स्केटबोर्डवरची उडी, फ्लॅश आणि एडिटिंग: कोणते काम कोणाकडे सोपवावे?

चाकोरीबाहेर

नमस्कार. कोल्हापुरात स्केटिंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बुटांना चाके लावून रिंकवर फेऱ्या मारणारी मुले येतात. स्केटबोर्ड खेळणारी मुले त्या मानाने थोडी आहेत, पण जी आहेत ती जीव ओतून खेळतात, आणि सध्या मी त्यांचे फोटो काढतो आहे. रंकाळ्याच्या बाजूला सिमेंटचा एक सपाट तुकडा आणि त्याला लागून तीन पायऱ्या आहेत. ऊन उतरले की मुले तिथे जमतात आणि नीट दिसेनासे होईपर्यंत उड्या मारत राहतात.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, एक वाइड लेन्स आणि रेडिओ ट्रिगरवर चालणारा एक स्पीडलाइट, म्हणजे हातात मावणारा सुटा फ्लॅश, आहे. फ्लॅश स्टँडवर असतो, त्याच्यापुढे पांढरी छत्री असते, आणि तो मुलापासून सहा-सात मीटरवर पूर्ण ताकदीवर चालतो. शटर १/२००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा वाढला की ते लहान होते) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००.

अडचण अशी आहे. उडीच्या ऐन टोकाला मुलगा फ्रेममध्ये बरोबर सापडतो, चेहराही ठीक दिसतो, पण बोर्डच्या शेपटाला दोन कडा येतात. एक फ्लॅशने उजळलेली ठसठशीत, आणि दुसरी तिच्या किंचित पुढे, मुलगा ज्या दिशेला चालला आहे त्या बाजूला, धूसर. शिवाय बोर्डवर पाय घट्ट राहावेत म्हणून चिकटवलेल्या ग्रिप टेपचा सगळा खरखरीतपणा नाहीसा होऊन तिथे नुसता काळा पट्टा उरतो. शार्पनिंग वाढवले की धूसर कडही ठळक होते, आणि शॅडो उचलल्या, म्हणजे गडद भाग उजळले, की काळ्या भागात रंगीत दाणे येतात.

यातले किती जागेवर सुधारावे आणि किती घरी येऊन संगणकावर? माझे स्वतःचे मत असे की उडीचा फोटो हा त्या उडीचा पुरावा असतो, त्यामुळे त्यात नंतर फार ढवळाढवळ करू नये. पण या आग्रहापायी चांगला फोटो हातचा जात असेल, तर तेही जाणकारांकडून ऐकायचे आहे.

प्रकाशगणित

तुमच्या वर्णनातला सर्वांत उपयोगी शब्द आहे ‘पुढे’. धूसर कड जाण्याच्या दिशेला पुढे आहे, याचा अर्थ फ्लॅश एक्स्पोजरच्या सुरुवातीला उडाला आणि त्यानंतर शटर उघडे असेपर्यंत संध्याकाळचा उजेड त्या पुढे सरकणाऱ्या बोर्डची दुसरी प्रतिमा उमटवत राहिला. मुलगा सेकंदाला पाच मीटर वेगाने येत असेल, तर १/२०० सेकंदात तो अडीच सेंटीमीटर पुढे जातो. तुमची दुसरी कड ती हीच.

फ्लॅशने काढलेल्या फोटोत हालचाल गोठते ती मुख्यतः फ्लॅशच्या झोताच्या अल्प कालावधीमुळे, आणि हा कालावधी ताकदीनुसार बदलतो. निकॉनच्या एसबी-९१० या फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेतले आकडे पाहा: पूर्ण ताकदीला १/८८० सेकंद, अर्ध्या ताकदीला १/११००, पाव ताकदीला १/२५५०, एक अष्टमांशाला १/५००० आणि १/१२८ ला १/३८५००. हेही आकडे झोत त्याच्या शिखराच्या निम्म्यापेक्षा तेजस्वी असतो तेवढ्याच वेळाचे आहेत. पूर्ण ताकदीवर त्यानंतर मंदावत जाणारा शेवटचा भाग आणखी बराच रेंगाळतो. म्हणजे पूर्ण ताकद वापरून तुम्ही त्या फ्लॅशचा सर्वांत संथ झोत निवडला आहे.

आता छत्री काढा. ती साधारण दीड-दोन स्टॉप प्रकाश खाते (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ३५ मिमी झूमला तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर (मीटरमधले अंतर गुणिले एफ आकडा, आयएसओ १०० ला) ४० च्या आसपास धरला, तर पाव ताकदीला तो २० होतो आणि आयएसओ ४०० ला पुन्हा ४०. ४० भागिले ८ म्हणजे एफ ८ ला फ्लॅश पाच मीटरवर ठेवला तरी पुरतो. पाव ताकद, उघडा फ्लॅश, पाच मीटर, एफ ८. सभोवतालचा उजेड एका स्टॉपने आपोआप कमी होईल, आणि सूर्यास्तानंतर थोडे थांबलात तर दुसरा स्टॉप आकाशच कमी करून देईल. सभोवताल दोन स्टॉप खाली गेला की दुसरी कड जवळजवळ दिसेनाशी होते.

शाहूपुरी_कट्टा

पण मग सरळ शटरच १/१००० का करू नये? दुसरी कड उमटायला वेळच मिळणार नाही.

प्रकाशगणित

शाहूपुरी_कट्टा, आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर दोन पडदे असतात. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की दोन्ही पडदे बाजूला असतात आणि संपूर्ण सेन्सर उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी उडतो. त्याहून जास्त वेगाला दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग निघतो आणि उघडी राहते ती केवळ एक फट. तेव्हा साधा फ्लॅश उडवला तर फोटोच्या एका भागात काळी पट्टी येते. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एक झोत न टाकता फट सरकत असेपर्यंत अतिशय वेगाने स्पंदने सोडत राहतो, पण त्यात किमान दोन स्टॉप ताकद जाते आणि गोठवण्याचे काम पुन्हा शटरवर येऊन पडते. एकच स्पीडलाइट असताना संध्याकाळी हा सौदा परवडत नाही.

फिल्मच्या काळात अनेक स्केट छायाचित्रकार हॅसलब्लाड कॅमेरा वापरत, त्याचे एक मोठे कारण हेच होते. त्याच्या लेन्समधल्या पात्यांच्या शटरमुळे १/५०० पर्यंत कोणत्याही वेगाला पूर्ण फ्लॅश मिळत असे, आणि त्यामुळे भर दुपारीही आकाश गडद करता येत असे.

मैदानवेडी

मी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे फोटो काढते. तिथे खेळाडूच्या अंगावर फ्लॅश टाकण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. सूर्यास्ताच्या आधीचा तासभर वापरा, एफ २.८ किंवा एफ ४, १/१००० शटर, आयएसओ लागेल तेवढा, आणि फ्लॅश पिशवीतच राहू द्या. आजकाल आयएसओ ३२०० चे दाणे एडिटिंगमध्ये सहज आवरता येतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातला. वेळ ठरवून गेले तर उजेड पुरतो.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्लॅश भरायला वेळ लागतो, म्हणून एका उडीला एकच फोटो मिळतो. मी सेकंदाला दहा फोटो घेते आणि त्यांतला नेमका क्षण निवडते. चाकोरीबाहेर, तुमच्या पद्धतीत निवडीला जागाच राहत नाही.

चाकोरीबाहेर

मैदानवेडी ताई, तुमची पद्धत मी वापरून पाहिली आहे आणि ऊन तिरपे असेल तेव्हा ती सुरेख चालते. माझी अडचण पार्श्वभूमीची आहे. त्या जागेमागे पार्क केलेल्या गाड्या, हातगाड्या आणि फिरायला आलेली माणसे असतात. नैसर्गिक उजेडात या सगळ्यावर मुलाइतकाच प्रकाश असतो, आणि काळा बोर्ड गाड्यांच्या गर्दीत हरवतो. फ्लॅशने मुलगा उजळतो आणि मागचे सगळे दोन स्टॉप गडद होते. मला फ्लॅश हवा आहे तो मुख्यतः या वेगळेपणासाठी.

चारचाकी_फळी

मी फोटो काढत नाही, मी बोर्ड चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

आमच्यासाठी चांगला फोटो म्हणजे ज्यात उडी वाचता येते. बोर्ड कुठून उचलला आणि कुठे उतरणार, हे एका फ्रेममध्ये कळले पाहिजे. तीन पायऱ्यांवरून उडी असेल आणि फोटोत पायऱ्याच नसतील, तर ती उडी फुटपाथवरची की दुमजली इमारतीवरची, हे कोणालाही सांगता येणार नाही. मुलाला मोठे दाखवण्यासाठी खालचा भाग क्रॉप करणे ही मला दिसणारी सर्वांत वाईट एडिटिंग आहे. बोर्डची जमिनीवर पडलेली सावली तर चुकूनही कापू नका. बोर्ड आणि सावली यांच्यातले अंतर हीच उंचीची मोजपट्टी असते.

ऑली, म्हणजे बोर्डसकट मारायची मूळ उडी, तिच्यात हात बोर्डला लागत नाही. ॲलन गेलफंड यांनी ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात उतारांवर केली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलेन यांनी ती सपाट जमिनीवर आणली. शेपूट जमिनीवर आपटायचे आणि पुढचा पाय ग्रिप टेपवरून घासत वर न्यायचा, एवढ्यावर बोर्ड उचलला जातो. म्हणून पाय आणि बोर्ड यांच्यामध्ये जी जागा असते किंवा नसते, तिच्याकडे आमचे लक्ष सर्वांत आधी जाते. पुढचा बूट बोर्डला टेकलेला, दोन्ही गुडघे छातीजवळ आणि बोर्ड आडवा झालेला, तो आमचा क्षण. शेपूट अजून खाली लोंबत असताना घेतलेला फोटो कितीही स्वच्छ असला तरी आम्ही तो कोणाला दाखवत नाही.

आणि एक विनंती. फ्लॅश उतरण्याच्या दिशेला, डोळ्यांसमोर ठेवू नका. उतरताना आम्ही जमीन बघत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली तर घोटा जातो. बाजूला किंवा मागून तिरपा ठेवा, आणि उडीच्या आधी एकदा नुसता उडवून दाखवा.

मैदानवेडी

चारचाकी_फळी, सावलीचा मुद्दा पटला. फुटबॉलच्या हेडरलाही तो तंतोतंत लागू पडतो, आणि मी आजवर पाय कापलेले कितीतरी फोटो चांगले म्हणून पुढे पाठवले जाताना पाहिले आहेत.

जुना_डार्करूमवाला

महाद्वार रोडच्या परिसरात माझी वर्षानुवर्षे फोटोग्राफीत गेली, त्यामुळे थोडे जुने सांगतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विद्युत फ्लॅशचे जे प्रयोग केले, त्यांतून दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि पुढे १९६४ मध्ये सफरचंद भेदून जाणारी गोळी जगाने पाहिली. त्या गोळीच्या फोटोत शटरच्या वेगाला काहीच महत्त्व नव्हते. खोली अंधारी, शटर उघडे, आणि जो काही उजेड पडला तो फक्त फ्लॅशचा. प्रकाशगणित यांनी वर जे सांगितले त्याचे हे टोकाचे रूप. तुमचा रंकाळा अंधारी खोली होणार नाही, पण जितके त्या दिशेला जाल तितकी दुसरी कड कमी होईल.

ग्रिप टेपबद्दल मात्र कोणी बोलले नाही. ती वाळूच्या कागदासारखी खरखरीत, काळी आणि प्रकाश गिळणारी असते. समोरून, कॅमेऱ्याच्या बाजूने प्रकाश टाकलात तर प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्या मागेच लपते आणि काळा पट्टा उरतो. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. फ्लॅश बोर्डच्या पातळीपेक्षा थोडाच वर, बाजूने आणि किंचित मागून ठेवला की प्रत्येक कणाला एक पांढरे टोक आणि एक छोटी सावली मिळते. मग घरी येऊन शॅडो उचलण्याची गरजच राहत नाही, कारण उचलण्यासारखे तपशील मुळात कॅमेऱ्यात नोंदले गेलेले असतात. जे नोंदलेच गेले नाही, ते संगणक शोधून आणत नाही. फार तर अंदाजाने रंगवतो.

तांबडा_पांढरा

काका, हे घासून जाणाऱ्या प्रकाशाचे आज संध्याकाळीच पाहतो. मनापासून आभार.

पिक्सेल_पेठ

मी जाहिरातींसाठी फोटो एडिट करतो आणि वरच्या सूराशी मी पूर्ण सहमत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवा. आधी रिकाम्या जागेचा, फ्लॅश स्टँड काढून एक फोटो घ्या. मग उडीचा. दोन्ही थरांवर ठेवून स्टँड पुसता येतो, मागची गाडी काढता येते, आणि दुसरी कडही पार्श्वभूमीच्या स्वच्छ थराने झाकता येते. पाच मिनिटांचे काम आहे. त्यात मुलाच्या उडीला कोणीही हात लावलेला नाही. मग पुराव्याला धक्का कसा लागला?

चाकोरीबाहेर

पिक्सेल_पेठ, स्टँड पुसण्याला माझा विरोध नाही. तो मीच तिथे ठेवलेला असतो. पण दुसरी कड झाकताना शेपटाची खरी कड कुठे संपते, हे आपण ठरवतो. तिथे दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे झाले की बोर्डचा कोन बदलतो, आणि चारचाकी_फळी म्हणतात तसे त्यांचे सगळे लक्ष त्या कोनाकडेच असते. म्हणून ते काम मला फ्लॅशकडूनच करून हवे आहे.

चारचाकी_फळी

बरोबर. आणखी एक गोष्ट आमच्यात फार मानली जाते: ज्या उडीत मुलगा बोर्डवर नीट उतरला, तिचाच फोटो दाखवायचा. हवेत सगळे सुंदर दिसते, आणि पुढच्या क्षणी बोर्ड एकीकडे अन् मुलगा दुसरीकडे असतो. पुढचा क्षण फोटोत नसला, तरी खेळणाऱ्याला आणि काढणाऱ्याला तो माहीत असतो. त्यामुळे पडलेल्या उडीतला मुलगा उचलून दुसऱ्या फोटोत बसवणे आम्हाला अजिबात मान्य होणार नाही.

पिक्सेल_पेठ

तुमचा हा नियम मला माहीत नव्हता, आणि तो मला आवडला. जाहिरातीच्या कामात माझी पद्धत कायम राहील, पण खेळाची नोंद म्हणून फोटो दाखवायचा असेल तर मी थर वापरणार नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही चौकटीतली वस्तू वाढवणे किंवा काढून टाकणे मान्य नाही, आणि तिथे मूळ फाइल मागवून तपासली जाते.

तरीही काही गोष्टी निःसंकोच करा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, घ्या. आधी व्हाइट बॅलन्स, मग हायलाइट (सर्वांत उजळ भाग) आवरा, कारण फ्लॅश जवळ असेल तर पांढरा टी-शर्ट आणि बुटांचे रबर आधी जळतात. मुलावर मास्क घेऊन (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून) थोडा कॉन्ट्रास्ट द्या, पण क्लॅरिटीचा स्लायडर उघड्या आकाशापुढे वापरू नका. डोक्याभोवती आणि हाताभोवती पांढरे वलय उमटते आणि मुलगा चिकटवल्यासारखा दिसतो. शार्पनिंग शेवटी, आणि तेही फक्त चेहरा, बूट व चाकांवर. हललेली प्रतिमा शार्पनिंगने स्थिर होत नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे. फिशआय, म्हणजे रेषा वाकवणारी अतिवाइड लेन्स, वापरलीत तर वाकलेल्या रेषा सरळ करण्याचा मोह टाळा, कारण सरळ करताना कडेचा भाग ताणला जातो आणि पायऱ्या आहेत त्यापेक्षा लांबट होतात.

शाहूपुरी_कट्टा

एडिटिंगवर चर्चा छान चालली आहे, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. ही मुले शाळकरी आहेत. फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी घरच्यांना विचारले आहे का? माझ्या भाचीच्या बाबतीत तिच्या आईला फोटो शेजारणीकडून कळला, आणि त्यानंतर पोरीचे खेळायला जाणेच बंद झाले.

चाकोरीबाहेर

विचारतो, आणि प्रत्येक मुलाच्या घरी फोटोची छापील प्रत देतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, स्केटबोर्डिंगचा समावेश झाला, हे सांगितल्यावर काही पालकांचा सूर बदलला, हेही नमूद करावेसे वाटते. तुमच्या भाचीच्या आईंची इच्छा असेल, तर त्यांनी एकदा तिथे येऊन बसावे; मुलेही त्यांच्याशी आनंदाने बोलतील.

मैदानवेडी

एका उडीला एकच फोटो, हा माझा आक्षेप अजून उभा आहे.

प्रकाशगणित

ताई, पाव ताकदीवर फ्लॅश पूर्ण ताकदीपेक्षा बराच लवकर भरतो, त्यामुळे लागोपाठ दोन-तीन फोटो मिळू शकतात, सेकंदाला दहा मात्र नाही. पण इथे निसर्ग थोडी मदत करतो. अर्धा मीटर उंच उडीत टोक गाठायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात. त्या टोकाच्या आधीचा आणि नंतरचा १/२० सेकंद धरला, तर त्या १/१० सेकंदात शरीर उभ्या दिशेने जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकते. म्हणजे टोकाच्या आसपास बोट दाबायला अगदीच कमी वेळ नसतो. बोर्ड जमिनीवर आपटल्याचा ‘टक्’ आवाज ऐकून दाबायची सवय लावली की क्षण सापडू लागतो. किकफ्लिपला मात्र हे पुरत नाही. तिथे बोर्ड स्वतःभोवती फिरत असतो आणि ग्रिप टेपची बाजू कॅमेऱ्याकडे आहे की खालची चित्राची, हे क्षणार्धात बदलते. त्या वेळी ताईंची पद्धत सरस ठरेल.

जुना_डार्करूमवाला

स्टँडला खाली वाळूची पिशवी बांधा. रंकाळ्यावर संध्याकाळी वारा असतो. छत्री काढल्याचा हा आणखी एक फायदा.

चाकोरीबाहेर

सर्वांनी सांगितलेले एकत्र करून पाहिले, म्हणून पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. छत्री काढली, फ्लॅश पाव ताकदीवर, पाच मीटरवर, बाजूने आणि किंचित मागून, कमरेच्या उंचीला. एफ ८, आयएसओ ४००, सूर्यास्तानंतर. शेपटाची कड एकच येते आहे. फोटो मोठा करून पाहिला तर चाकावरची छापील अक्षरे वाचता येतात आणि ग्रिप टेपचे कण वेगवेगळे दिसतात. शॅडोचा स्लायडर मी हलवलेलाही नाही. कोनाला धक्का न लावता एवढे मिळाले, याचे समाधान मोठे आहे.

दोन गोष्टी उरल्या. रस्त्यावरचे दिवे लागल्यावर मागच्या भिंतीवर गडद-फिकट आडवे पट्टे येतात. आणि एका कोपऱ्यात जुना पिवळा दिवा आहे. त्याच्याखाली भिंत केशरी दिसते, तर मुलगा निळसर. एडिटिंगमध्ये एक ठीक करायला गेले की दुसरे बिघडते.

प्रकाशगणित

पट्टे एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून असे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि १/२०० शटरला त्या चक्राचा अर्धाच भाग टिपला जातो. शटर १/१०० करा, म्हणजे एक पूर्ण चक्र आत येईल. त्या वेळेपर्यंत आकाशाचा उजेड इतका उतरलेला असतो की दुसरी कड परत येण्याची भीती राहत नाही. मुलगा दिव्याच्या थेट प्रकाशात येणार नाही, एवढी काळजी घ्या.

रंगाचे उत्तर फ्लॅशवर आहे. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, तुमचा पिवळा दिवा सोडियमचा असेल तर २००० च्या थोडा वर. फ्लॅशच्या तोंडावर केशरी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा चिकटपट्टीने लावा, त्याने फ्लॅश ३२०० च्या आसपास येईल, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही ३२०० ला ठेवा. मुलगा नैसर्गिक रंगात येईल आणि भिंतीचा केशरीपणा बराच कमी होईल. उरलेला एडिटिंगमध्ये फक्त केशरी रंगाचे सॅच्युरेशन भिंतीपुरता मास्क घेऊन कमी करा. जेल जवळजवळ पाऊण स्टॉप प्रकाश खाते, त्यामुळे फ्लॅश पाच मीटरवरून चारवर आणावा लागेल.

चारचाकी_फळी

चार मीटरवर आणणार असाल तर पायऱ्यांच्या डाव्या अंगाला ठेवा. उजवीकडून आम्ही वळून परत वर येतो.